रगतपितीचं औषध

वऱ्हाडात महारोगाला 'रगतपिती' म्हणायचे. अजूनही जुनी माणसं म्हणतात, आणि तेही आवाज खाली करून. आमच्या चांदूर बाजारात लहानपणी हा शब्द कानावर पडला की पाठोपाठ कुठल्यातरी वैद्याचं, बाबाचं नाव यायचंच. "डाक्टरच्या गोळ्यानं काई होत नाई, अमक्याकडची पुडी घ्या." डॉक्टरी औषध की देशी औषध, हा वाद आपल्याला नवा वाटतो. रगतपितीच्या बाबतीत तो शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यात कोण सरळ मार्गावर नि कोण आडवाटेवर हे मधेमधे चक्क बदलत गेलंय. म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. आयुर्वेदात 'कुष्ठ' म्हणजे एक रोग नव्हे. सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं, अशी अठरा. त्यात आजचा महारोग असावा, पण खरूज, गजकर्ण, इसब यांसारखे कातडीचे कितीतरी विकारही आहेत. मग वैद्यबुवा म्हणाले की "मी शंभर कुष्ठी बरे केले", तर ते खोटं बोलत होते असं नाही. फक्त त्या शंभरांत महारोगी किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शिवाय गावात पांढरं कोडही याच हिशोबात धरायचे. कोडाचा नि महारोगाचा काडीचा संबंध नाही, पण त्यापायी मुलींची लग्नं मोडली आहेत.

आणखी एक गोम आहे. महारोगाचे सुरुवातीचे काही चट्टे औषधाविनाही आपोआप जातात. शरीराची प्रतिकारशक्ती चांगली असेल तर रोग तिथेच थांबतो. त्या दिवसांत जो कुणी जे काही देत असेल, अंगारा म्हणा, भस्म म्हणा, त्याला श्रेय मिळतं. गावात त्याचं नाव होतं. पुढचा माणूस विश्वासाने त्याच्याकडे जातो, आणि त्याचा रोग मात्र थांबणाऱ्यांतला नसतो.

पण देशी औषध म्हणजे सगळा भ्रम, असं म्हणून मोकळं होता येत नाही. सुश्रुतसंहितेत 'तुवरक' नावाच्या झाडाचं तेल कुष्ठावर सांगितलं आहे, आणि ही झाडं पश्चिम समुद्राकाठच्या प्रदेशात होतात असंही म्हटलंय. हे आपलं सह्याद्रीतलं कडू कवठ. त्याचाच पूर्वेकडचा भाऊबंद चालमुगरा. 1854 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या माउट नावाच्या इंग्रज डॉक्टरने चालमुगऱ्याबद्दल लिहिलं आणि आपल्या वैद्यांचं औषध साहेबाच्या औषधांच्या यादीत जाऊन बसलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं जगभर महारोगावरचं मुख्य औषध हेच! तेल प्यायलं की मळमळ आणि उलट्या. टोचलं तर गळवं. मग हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या कृष्णवर्णीय मुलीने 1915 च्या सुमारास त्या तेलापासून टोचता येईल असं रूप तयार केलं. 1916 मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली आणि तिच्या कामाचं श्रेय बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिलं. (हे वाचल्यापासून ती मुलगी डोक्यातून जात नाही. असो.)

1941 मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या रुग्णालयात प्रोमिन हे सल्फोन जातीचं औषध वापरलं गेलं आणि चित्र पालटलं. पाठोपाठ त्याच कुळातलं डॅप्सोन आलं, स्वस्त आणि तोंडाने घेण्याजोगं. मद्रासजवळ चिंगलपेटला डॉ. कॉक्रेन यांनी सल्फोनवर मोठं काम केलं. वर्ध्याला 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. डॉ. वारदेकरांनी तिथे खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन रोगी शोधायचे, लोकांना समजवायचं आणि त्यांच्या दारातच गोळ्या द्यायच्या, अशी रीत घातली. चालमुगरा हळूहळू दवाखान्यातून बाहेर पडला आणि परत 'पर्यायी' झाला. तेल तेच, फक्त पाटी बदलली.

आता डॉक्टरांच्या बाजूचाही हिशोब मांडायला हवा. 1898 चा लेपर्स अ‍ॅक्ट डॉक्टरी सल्ल्यानेच चालायचा. निराधार महारोग्याला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात टाकता येत असे. तो कायदा रद्द झाला थेट 2016 मध्ये. डॅप्सोन एकटंच वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर, दिलं गेलं. जंतू त्याला सरावले. 1964 मध्ये मलायात ते सिद्ध झालं. म्हणजे "डाक्टरच्या गोळ्यानं काई होत नाई" म्हणणाऱ्या काही रोग्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं! 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं, डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन. हीच एमडीटी. सौम्य प्रकारात सहा महिने, जास्त प्रकारात आता बारा. त्यात पुन्हा गंमत अशी की रिफाम्पिसिनने लघवी लाल होते आणि क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. रोगाचं नावच रगतपिती, त्यात लघवी लाल, मग कोण घाबरणार नाही? हे आधी नीट सांगितलं नाही की रोगी गोळ्या नालीत टाकतो.

माझ्या ओळखीतल्या एकांचं असंच झालं. तिसऱ्या महिन्यात चट्टे एकदम फुगले, कोपरापासून करंगळीपर्यंत ठणका लागला. औषध गरम पडलं, असं सगळ्यांनी ठरवलं. खरं तर ती 'रिअ‍ॅक्शन'. जंतू मरत असताना किंवा मेल्यावरही शरीर त्यांच्या अवशेषांवर तुटून पडतं आणि त्यात नसा भरडल्या जातात. वेळेत स्टेरॉइड मिळालं तर नस वाचू शकते. यांनी गोळ्या बंद केल्या आणि एका वैद्याकडचं भस्म सुरू केलं. वैद्य पैसेही फार घेत नव्हता, पाठीवर हात ठेवून बोलायचा. चार महिन्यांत दोन बोटं वाकली, ती वाकलेलीच राहिली.

अमेरिकेत गोचिडीपासून होणाऱ्या लाइम रोगाचा जो वाद चाललाय तो वाचताना मला हेच आठवत होतं. जंतुनाशकं संपतात, पण काहींचा थकवा नि दुखणं महिनोन् महिने जात नाही. डॉक्टर म्हणतात जंतू गेले. रोगी म्हणतो, मग मला दुखतं ते काय? 2001 मध्ये तिकडे प्रयोग करून पाहिलं, तेव्हा लांबवलेल्या जंतुनाशकांचा फायदा दिसला नाही. पण दुखणं तर खरंच असतं. त्या फटीत जडीबुटीवाले, चांदीचं पाणीवाले सगळे शिरतात. आपल्या तालुक्यातल्या बहिरमच्या जत्रेत पाल टाकून बसणारे वैदू तरी वेगळं काय करतात?

आणि आपल्याच तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (1881-1915). नऊ महिन्यांचे असताना चुकीच्या औषधाने त्यांची दृष्टी गेली, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. त्या माणसाने पुढे आयुर्वेदावर लिहिलं! औषधाने डोळे गेले म्हणून त्यांनी वैद्यकाकडे पाठ फिरवली नाही. याचं मला फार नवल वाटतं.

अमरावतीच्या तपोवनाची गोष्ट तर या वादाला पार आडवी जाते. 1946 मध्ये ते उभारणारे डॉ. शिवाजीराव, म्हणजे दाजीसाहेब, पटवर्धन पेशाने होमिओपॅथ. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी महारोगाचा जंतू मरतो यावर माझा विश्वास नाही, हे इथे स्पष्ट लिहितो, रागावणारे नातेवाईक रागावोत. :) पण ज्यांना घरच्यांनी गोठ्यात ठेवलं होतं, त्यांना दाजीसाहेबांनी घर दिलं, काम दिलं. 1959 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इकडे परतवाड्याकडे कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनचा दवाखाना, पूर्णपणे डॉक्टरी पद्धतीचा. गाडगेबाबा तर औषध कुठलंच देत नव्हते, पण रोग्यांना स्वतःच्या हाताने आंघोळ घालायचे, आणि कीर्तनात अंगारे-धुपारे, नवस यांची सालटी काढायचे. तिघांची मतं एकमेकांशी जुळली नसती बहुधा. रोग्याला हात लावायला मात्र तिघांकडेही कोणी कचरत नव्हतं.

महारोग बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंतींवर रंगवलेलं दिसतंच. 2005 च्या डिसेंबरात भारताने दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी म्हणजे 'निर्मूलन' झालं, असं म्हटलं. त्यानंतरही जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याच देशात सापडत आले आहेत. एमडीटी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

ज्यांची बोटं वाकली ते गृहस्थ नंतर परत गोळ्यांवर आले आणि बारा महिने पुरे केले. रोग गेला. तळपाय बधिर आहे म्हणून त्यांना मऊ रबराच्या एमसीआर चपला दिल्यात. त्या चपला ओळखू येतात म्हणून ते बाजारच्या दिवशी घालत नाहीत.