बास्केटबॉलचा सर्वोत्तम सेंटर कोण? साठ वर्षं झाली, हा वाद मिटत का नाही?

१९६१-६२ चा एनबीए हंगाम. विल्ट चेंबरलेन नावाच्या सात फूट एक इंच उंचीच्या खेळाडूनं त्या हंगामात दर सामन्यात सरासरी ५०.४ गुण केले. हा विक्रम मोडणं सोडाच, त्याच्या आसपासही आजवर दुसरा कुणी पोहोचलेला नाही. २ मार्च १९६२ रोजी तर त्यानं एकाच सामन्यात १०० गुण केले. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, पण त्या हंगामात चेंबरलेन सरासरी ४८.५ मिनिटं मैदानावर होता. कारण जादा वेळेत गेलेले सामनेही हा पठ्ठ्या जवळजवळ पूर्ण खेळला.

आता सांगा, त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी कोण ठरला असेल?

उत्तर आहे बिल रसेल. त्याची सरासरी होती १८.९ गुण.

विशेष म्हणजे तेव्हा एमव्हीपी पत्रकार ठरवत नव्हते. लीगमधले खेळाडू स्वतः मत द्यायचे. म्हणजे ज्यांना या दोघांसमोर प्रत्यक्ष उभं राहावं लागत होतं, त्यांनीच ५० गुणवाल्याला सोडून १९ गुणवाल्याला निवडलं. ‘सर्वकालीन सर्वोत्तम सेंटर कोण’ हा वाद तिथूनच रंगायला लागला आणि आजही सोशल मीडियावर दर काही दिवसांनी नव्यानं पेटतो.

आधी हे समजून घेऊ : सेंटर म्हणजे कोण?

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू मैदानावर असतात. त्यातला बहुतेकदा सर्वात उंच असतो तो सेंटर. जमिनीपासून १० फुटांवर असलेल्या बास्केटच्या जवळचा भाग हा त्याचा इलाखा. तिथून गुण करायचे, समोरच्याचा शॉट अडवायचा, म्हणजे ब्लॉक करायचा, आणि हुकलेला चेंडू रिंगवरून परत आला की तो ताब्यात घ्यायचा. या शेवटच्या कामाला रिबाउंड म्हणतात.

या जागेचं महत्त्व किती होतं, हे नियमांचा इतिहास पाहिला की कळतं. इतर खेळाडू नियमांप्रमाणे खेळत होते, सेंटरमुळे मात्र नियमच बदलावे लागत होते.

नियम बदलायला लावणारा पहिला : जॉर्ज मायकन

जाड भिंगांचा चष्मा आणि सहा फूट दहा इंच उंची. मिनीॲपोलिस लेकर्सचा मायकन बास्केटजवळ उभा राहिला की त्याला रोखणं अवघड व्हायचं. म्हणून १९५१ मध्ये एनबीएनं बास्केटसमोरची पट्टी सहा फुटांवरून १२ फूट रुंद केली. हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूला या पट्टीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पट्टी रुंद झाली म्हणजे मायकन बास्केटपासून लांब ढकलला गेला.

त्याआधी २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनं त्याच्यावर वेगळाच उपाय शोधला होता. त्यांनी चेंडू नुसता हातात धरून ठेवला. सामना संपला १९-१८ असा. लेकर्स हरले आणि त्यांच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे होते. अशा रटाळ सामन्यांना कंटाळूनच पुढे १९५४ मध्ये २४ सेकंदांत शॉट घेण्याचा नियम आला.

रसेल : जे मोजलंच गेलं नाही त्याचा बादशहा

बिल रसेल बॉस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगाम खेळला आणि ११ वेळा विजेता ठरला. त्यातली आठ विजेतेपदं सलग, १९५९ ते १९६६. त्याआधी कॉलेजची दोन विजेतेपदं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण त्याच्या नावावर होतंच. शेवटची दोन एनबीए विजेतेपदं तर त्यानं खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत जिंकली. एनबीएचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. ज्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलमध्ये जेवण नाकारलं जायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये सहकाऱ्यांसोबत असंच घडलं, तेव्हा रसेल आणि संघातले इतर कृष्णवर्णीय खेळाडू प्रदर्शनीय सामना न खेळताच निघून गेले.

त्याची खरी ताकद बचावात होती. समोरच्याचा शॉट तो दणक्यात प्रेक्षकांत भिरकावत नसे. चेंडू मैदानातच राहील असा हलकेच अडवायचा, म्हणजे तो आपल्याच माणसाच्या हाती पडतो आणि लगेच दुसऱ्या टोकाला हल्ला सुरू होतो.

पण गंमत अशी की एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. त्यामुळे अधिकृत नोंदींमध्ये त्याच्या नावावर एकही ब्लॉक नाही. अंतिम मालिकेच्या एमव्हीपीचा पुरस्कारही सुरू झाला तो थेट त्याच्या शेवटच्या अंतिम मालिकेत. तिथेही तो मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. म्हणजे ११ विजेतेपदं आणि अंतिम मालिकेचे एमव्हीपी शून्य. २००९ पासून त्याच पुरस्काराला बिल रसेलचं नाव दिलंय.

चेंबरलेन : आकड्यांचा डोंगर

चेंबरलेनच्या बाजूनं बोलायला आकडे पुरेसे आहेत. कारकिर्दीत ३१,४१९ गुण. २३,९२४ रिबाउंड, जो आजही विक्रम आहे. एका सामन्यात ५५ रिबाउंड, तेही खुद्द रसेलच्या सेल्टिक्सविरुद्ध. त्याच्यामुळे १९६४ मध्ये ती पट्टी पुन्हा रुंदावली, १२ फुटांवरून १६ फूट. ‘हा फक्त स्वतःसाठी खेळतो’ अशी टीका होत असताना १९६७-६८ मध्ये तो असिस्टमध्ये, म्हणजे सहकाऱ्याला गुण करून देणारे पास देण्यात, लीगमध्ये पहिला आला.

मग अडतं कुठे? पहिलं म्हणजे विजेतेपदं दोनच, १९६७ आणि १९७२. बाद फेरीत तो आणि रसेल आठ मालिकांमध्ये समोरासमोर आले, त्यातल्या सात रसेलच्या संघानं जिंकल्या. दुसरं म्हणजे त्या काळाचा वेग. तेव्हा प्रत्येक संघ सामन्यात शंभराहून जास्त शॉट घ्यायचा आणि त्यातले निम्म्याहून जास्त हुकायचे. शॉट जास्त म्हणजे गुण जास्त, हुकलेले शॉट जास्त म्हणजे रिबाउंडही जास्त. आजचा खेळाडू त्या आकड्यांपर्यंत पोहोचत नाही, याचं हेही एक कारण आहे.

अर्थात, तोच वेग त्याच्या काळातल्या बाकीच्यांनाही मिळत होता. त्यांच्यापैकी कुणी ५० ची सरासरी गाठली नाही, हेही विसरून चालणार नाही.

करीम : वीस वर्षं टिकलेला हुक शॉट

ल्यू अल्सिंडर कॉलेजमध्ये इतका वरचढ होता की १९६७ मध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलनं डंकवरच बंदी घातली. डंक म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबणं. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली आणि ती त्याच्यामुळेच आली, असं मानलं जातं. पुढे इस्लाम स्वीकारल्यावर त्यानं करीम अब्दुल-जब्बार हे नाव घेतलं.

त्याचं हुकमी अस्त्र होतं ‘स्कायहूक’. बास्केटकडे बाजूनं उभं राहून, एक हात पूर्ण वर ताणून, डोक्यावरून चेंडू सोडायचा. सात फूट दोन इंचांच्या माणसानं असा चेंडू सोडला की मधे त्याचा खांदा येतो आणि अडवणाऱ्याचा हात पोहोचतच नाही.

या शॉटच्या जोरावर तो १९६९ ते १९८९ असे २० हंगाम खेळला. सहा विजेतेपदं, सहा एमव्हीपी (हा विक्रम अजून अबाधित आहे) आणि ३८,३८७ गुण. १९८४ मध्ये त्यानं चेंबरलेनचा गुणांचा विक्रम मोडला. करीमचा विक्रम मोडायला लेब्रॉन जेम्सला फेब्रुवारी २०२३ उजाडावं लागलं. अंतिम मालिकेचा एमव्हीपी तो १९७१ मध्ये झाला आणि पुन्हा १९८५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी.

हकीम आणि शाक : नव्वदच्या दशकातली जुगलबंदी

हकीम ओलाजुवॉन नायजेरियातल्या लागोसचा. लहानपणी फुटबॉलचा गोलकीपर आणि हँडबॉलपटू, बास्केटबॉल हाती आला तो किशोरवयात. गोलकीपरचं पदलालित्य त्यानं सेंटरच्या जागेवर आणलं. एका बाजूला झुकल्यासारखं दाखवून क्षणात दुसरीकडे वळण्याच्या त्याच्या चालीला ‘ड्रीम शेक’ म्हणतात. १९९३-९४ मध्ये तो हंगामाचा एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी, असं सगळं एकाच हंगामात झाला. हे दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. नोंद झालेल्या ब्लॉक्समध्ये ३,८३० सह तोच पहिला आहे.

शाकिल ओनील म्हणजे निव्वळ ताकद. पहिल्याच हंगामात त्याच्या डंकनं दोनदा बास्केटचा अख्खा सांगाडा खाली आला, त्यानंतर लीगला सांगाडे मजबूत करावे लागले. २००० ते २००२ सलग तीन विजेतेपदं आणि तिन्ही वेळा अंतिम मालिकेचा एमव्हीपी. कमजोरी एकच, फ्री थ्रो. कारकिर्दीत त्याचे जेमतेम ५२.७ टक्के फ्री थ्रो आत गेले. म्हणून प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाऊल करून फ्री थ्रो घ्यायला लावायचे. या डावपेचाला ‘हॅक-अ-शाक’ असं नावच पडलं.

१९९५ च्या अंतिम मालिकेत दोघं आमनेसामने आले, तेव्हा हकीमच्या ह्यूस्टन रॉकेट्सनं तरुण शाकच्या ऑर्लँडो मॅजिकला ४-० असं हरवलं.

मधेच सेंटर संपला होता, मग योकिच आला

तीन गुणांच्या शॉटचं महत्त्व वाढलं तसं सगळे बास्केटपासून लांब जाऊन खेळू लागले. २०१२ मध्ये तर ऑल-स्टार सामन्याच्या मतपत्रिकेवरून ‘सेंटर’ हा वेगळा रकानाच काढून टाकण्यात आला. अनेकांना वाटलं, ही जागा संपली.

त्यानंतर २०१४ मध्ये डेन्व्हर नगेट्सनं सर्बियाच्या निकोला योकिचला ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडलं. उडी फारशी नाही, वेग नाही, पण नजर आणि पास असे की संघाची सूत्रं सेंटरच्या हातात आली. २०२१, २०२२ आणि २०२४ चा तो एमव्हीपी. २०२३ मध्ये डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळालं, तेव्हा त्या बाद फेरीत एकूण गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत तोच पहिला होता. असं करणारा तो पहिलाच खेळाडू. त्याची कारकीर्द अजून सुरू आहे, त्यामुळे त्याचं नाव या यादीत किती वर जाईल हे आत्ताच ठरवता येणार नाही.

मग सर्वोत्तम कोण?

इथं क्रिकेटचा विचार करून बघा. ब्रॅडमन की सचिन, हा वाद तरी कुठे मिटलाय? दोघांचा काळ वेगळा, नियम वेगळे, समोरचे गोलंदाज वेगळे. सेंटरच्या वादात आणखी एक गुंता आहे. काय मोजायचं हेच दर काही वर्षांनी बदलत गेलं.

विजेतेपदं मोजली तर रसेल. एका हंगामाची कामगिरी मोजली तर चेंबरलेन. बचाव आणि आक्रमण दोन्ही एकाच माणसात हवं असेल तर हकीम. ऐन भरातल्या तीन वर्षांची दहशत मोजली तर शाक. संघाचा खेळ घडवण्याचं कसब मोजलं तर योकिच.

सगळ्या मोजपट्ट्या एकत्र लावल्या तर मात्र एक नाव कुठेच फार खाली जात नाही, ते म्हणजे करीम. एमव्हीपींमध्ये पहिला. गुणांमध्ये दुसरा. रिबाउंडमध्ये तिसरा. ब्लॉक्समध्येही तिसरा, तेही पहिले चार हंगाम ब्लॉक मोजलेच जात नव्हते तरी. एनबीए विजेतेपदांमध्ये सेंटर्सपैकी फक्त रसेल त्याच्या पुढे. म्हणून तटस्थपणे बनवलेल्या यादीत करीमला पहिलं स्थान देणं सर्वात सोपं जातं.

फक्त त्या यादीला १९६२ च्या खेळाडूंचं मत मान्य झालं असतं का, हा प्रश्न उरतोच. त्यांच्यासमोर ५० ची सरासरी होती, १०० गुणांचा सामना होता. तरीही त्यांनी रसेलला निवडलं, कारण कोणत्याच रकान्यात न मांडलेला त्याचा खेळ त्यांनी जवळून अनुभवला होता. पुढच्या वेळी टाइमलाइनवर ‘टॉप फाइव्ह सेंटर्स’ची यादी दिसली, तर कोण पहिला आणि कोण पाचवा हे नंतर बघा. यादी करणाऱ्यानं काय मोजलंय आणि काय मोजायचं सोडलंय, ते आधी विचारा.