साटंलोटं

"म्हणजे साटंलोटंच की हे!" आत्या म्हणाली आणि क्षणभर सगळे गप्प झाले.

आतेभावाच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वहिनी किडनी द्यायला तयार आहे, पण तिचा रक्तगट ए आणि त्याचा बी. डॉक्टरांनी सुचवलं, की नेमकी उलट अडचण असलेलं जोडपं मिळालं तर अदलाबदल करता येईल. तिकडच्या बाईची किडनी ह्याला, वहिनीची तिकडच्या माणसाला. डॉक्टर त्याला स्वॅप म्हणाले, आत्यानं लगेच त्याचं मराठी केलं. आणि पाठोपाठ विचारलं, "ऐनवेळी त्यांनी पाय मागं घेतला तर?"

हा शब्द ज्यांच्या कानावर नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपली मुलगी त्या घरात द्यायची आणि त्यांची मुलगी आपल्या घरात सून म्हणून आणायची, ते साटंलोटं. हुंडा नाही, देणंघेणं नाही. आत्याचं लग्न असंच झालेलं, तिची नणंद ती माझी काकू. मी चौथीत असताना काकू भांडून माहेरी गेली आणि चारच दिवसांत आत्याला आमच्या दारात आणून सोडलं. तिचं नवऱ्याशी काहीच बिनसलं नव्हतं! काकू परतली तेव्हाच आत्याही परत गेली. मधे एक दिवाळी येऊन गेली होती.

तेव्हा तिचा प्रश्न मनाला लागला आणि मी वाचायला बसलो.

१९८०च्या दशकात मुंबई-मद्रासकडे किडनीचा सरळ बाजार चालायचा. गरीब विकायचे, परदेशातले श्रीमंतही इथे येऊन घ्यायचे. शेवटी १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून तो मागितला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते (तिसरं हिमाचल). अमेरिकेनं १९८४ मध्येच किडनीच्या मोबदल्यावर बंदी घातली होती.

पण पैसा बाद केला म्हणून गरज बाद होत नाही. पैशाची सोय अशी, की मी माझी वस्तू एकाला विकतो आणि मला हवी ती तिसऱ्याकडून घेतो. तो नसला की माझ्या अडचणीचं नेमकं उलट प्रतिबिंब असलेला माणूस शोधावा लागतो. पूर्वी हे काम सोयरिकी जुळवणारे मध्यस्थ करायचे. किडनीसाठी ते कुणी करायचं?

अदलाबदलीची कल्पना फेलिक्स रॅपापोर्ट यांनी १९८६ साली मांडली. १९९१ मध्ये दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली, २००० साली अमेरिकेत. पण जोड्या जुळवणं हे नशिबावरच होतं. उत्तर मात्र १९७४ पासून कागदावर पडून होतं! लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी एक कोडं घातलं होतं. प्रत्येकाकडे एक घर आहे, प्रत्येकाला दुसऱ्याचं आवडतंय आणि पैसा अजिबात नाही. डेव्हिड गेल यांची युक्ती अशी: प्रत्येकानं आपल्या आवडत्या घराकडे बोट दाखवायचं. कुठे ना कुठे बोटांचं वर्तुळ पूर्ण होतंच. त्या वर्तुळातल्यांनी घरं बदलून बाजूला व्हायचं, उरलेल्यांनी पुन्हा बोटं दाखवायची. २००४ साली अल्विन रॉथ, टायफुन सॉन्मेझ आणि उत्कु उन्व्हर यांनी घराच्या जागी किडनी ठेवली.

गंमत पुढे आहे. ही लांबलचक वर्तुळं शल्यविशारदांपुढे गेली तेव्हा अडचण निघाली ती आत्याचीच. आपल्या माणसाला किडनी मिळाल्यावर कुणी नाही म्हटलं तर? किडनी दे, असा हुकूम कुठलंच कोर्ट देणार नाही. म्हणून सगळ्या शस्त्रक्रिया एकाच वेळी करायच्या. दोन जोडप्यांना चार ऑपरेशन थिएटरं, तीन जोडप्यांना सहा. वर्तुळं आपोआप आखूड झाली.

ही गाठ सुटली २००७ मध्ये. मिशिगनमधल्या एका माणसानं बदल्यात काही न मागता अनोळखी बाईला किडनी दिली. तिच्या नवऱ्यानं पुढच्या कुणाला दिली, आणि अशी दहा जणांपर्यंत साखळी गेली. इथे प्रत्येकाला आधी मिळतं आणि मग त्याच्या माणसानं द्यायचं असतं. मधे कुणी फिरलं तर पुढच्याची निराशा होते, पण त्याच्या घरातली किडनी गेलेली नसते. कुणी कुणाचं ओलीस नाही. आत्याला ओलीस ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

२०१२ साली रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल २००८ मध्येच वारले होते. आपल्या कायद्यात अदलाबदलीला स्पष्ट जागा मिळाली ती २०११च्या दुरुस्तीनं.

सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. ओ गटाचा दाता बहुधा आपल्या माणसाला थेटच देऊ शकतो, त्यामुळे तो अदलाबदलीच्या यादीत क्वचितच येतो. आणि ओ गटाच्या रुग्णाला तर ओचीच किडनी लागते. तो यादीत ताटकळतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष. गणित यादीतल्या नावांपासून सुरू होतं. ते नाव घरात कसं ठरलं, हे गणिताला दिसत नाही. २०१४च्या नियमांना मात्र हे सुचलंय: दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमती किडनी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पडताळावी. एवढं एक वाक्य. ते वाचून बरं वाटलं.

असो. हे सगळं मी आत्याला सोपं करून सांगितलं. साखळीचं ऐकून तिनं मान डोलावली. मग वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तिला जवळ बसवून विचारलं, "तुला विचारलं का गं कुणी?"

"मीच म्हणाले ना आत्या, देते म्हणून."

आत्या बशीत चहा ओतत म्हणाली, "हो. मीही तसंच म्हणाले होते."

पुढच्या आठवड्यात त्यांचं नाव यादीत जाईल. त्याआधी वहिनीशी कुणीतरी एकटीशी बोलायला हवं. आत्याच बोलेल, असं दिसतंय.