वळूची पारख

वसुबारसेच्या संध्याकाळी आपण सवत्स धेनू पूजतो. गाईला कुंकू लागते, वासराला माळ मिळते. त्या वासराचा बाप कोण, हे मात्र त्या घटकेला कोणी विचारीत नाही. पण गाय वर्षाला फार तर एक वासरू देते आणि वळू त्याच वर्षात कितीतरी वासरांचा बाप होतो. त्याची निवड चुकली, तर ती पुढे त्याच्या लेकींच्या कासेत दिसते. इंग्लंडातल्या शेतकऱ्यांना हा धडा चांगलाच महाग पडला.

लेस्टरशायरमधल्या डिशली येथे रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) हा खंडाने जमीन कसणारा शेतकरी राहत असे. शहरे वाढत होती, मांसाला मागणी होती. त्याला लवकर भरणारे, हाडाने बारीक नि मांसाने भरलेले जनावर हवे होते. लांबशिंगी गुरांतले मनाजोगते नर-मादी निवडून, जवळच्या नात्यातच त्यांचा संयोग घडवून, त्याने तसे जनावर केलेही. देशोदेशीचे लोक त्याचा गोठा पाहावयास येत. पण या गाई दुधाला कमी पडू लागल्या, गाभण राहण्यातही मागे सरल्या. जनावर मांसासाठी पाळले तरी वासरू वाढते ते आईच्याच दुधावर! काही दशकांतच लांबशिंगी गुरे मागे पडली.

त्यांची जागा घेतली डरहॅमकडच्या आखूडशिंगी गुरांनी. तिथल्या चार्ल्स कॉलिंगने बेकवेलचीच रीत उचलली. ‘फेवरिट’ या वळूचा संयोग त्याने त्याच्या आईशी घडविला. त्यातून झालेल्या कालवडीलाही पुन्हा तोच वळू दाखविला. तिच्या पोटी १८०४ साली ‘कॉमेट’ जन्मला. १८१० च्या लिलावात त्याला १००० गिनी आल्या! त्याच लिलावात टॉमस बेट्स याने मात्र १८३ गिनी देऊन कॉमेटची एक लेक घेतली. तीच पुढे गाजलेल्या ‘डचेस’ घराण्याची मूळ गाय. मांस आणि दूध दोन्ही एकाच गाईत हवीत, हा बेट्सचा हट्ट होता. नात्यातल्या संयोगाने वासरे कमी होऊ लागली, तेव्हा १८३१ साली त्याने ‘बेल्व्हेडिअर’ हा बाहेरचा वळू आणला. हट्टी माणसाचे हे शहाणपण मोठेच म्हणावयाचे.

बेट्स १८४९ साली वारला. मागच्यांनी त्याचे शहाणपण सोडले आणि घराण्याचे नाव तेवढे धरले. १८७३ साली न्यूयॉर्क मिल्सच्या लिलावात एका डचेस गाईला ४०,६०० डॉलर मिळाले. नावाला सोन्याचे मोल आले, पण घराण्यातल्या कित्येक गाईंच्या कुशी रिकाम्याच राहत होत्या.

आजचा जाणता पशुपालक वळूचे खांदे पाहतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. लेकी वेळेवर गाभण राहतात का, सुखरूप वितात का, त्यांच्या दुधावर वासराचे वजन किती भरते, याच्या नोंदी तो मागतो. वळूच्या आईची कास कशी होती, हेही विचारतो. खाण तशी माती, असे आपले वडीलधारे म्हणत आले. त्यांचा रोख बहुधा माणसांवर असे. गोठ्यात ती म्हण अधिकच खरी ठरते.

तेव्हा उद्या सवत्स धेनूला ओवाळताना वासराकडे जरा निरखून पाहावे. कालवड असेल, तर तिच्या बापाची खरी परीक्षा अजून व्हावयाची आहे.