गाणं कोणी निवडायचं?

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका मराठी चर्चचं गायनमंडळ सांभाळते. मागच्या वर्षी तिने मला एक काम सांगितलं. रविवारी वाचायचा शुभवर्तमानाचा उतारा टाकला, की त्याला साजेशी गीतं सुचवणारी एक शीट बनवून हवी होती. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या पानांचे फोटोही तिने पाठवले. मला वाटलं, दोन तासांचं काम. उताऱ्यातले शब्द आणि गीतातले शब्द जुळवले की झालं.

पहिल्याच चाचणीत आपटलो. उतारा होता लूकच्या सोळाव्या अध्यायातला, श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा. श्रीमंत रोज मेजवान्या झोडतो. त्याच्या दाराशी अंगभर फोड आलेला लाजर पडून असतो आणि कुत्री त्याचे फोड चाटतात. दोघेही मरतात. लाजर अब्राहामाच्या उराशी पोचतो आणि श्रीमंत आगीत. तिथून तो पाण्याच्या एका थेंबासाठी विनवतो, पण मधली दरी कोणालाच ओलांडता येत नाही.

माझ्या शीटने ‘दार’ शब्द असलेली झाडून सगळी गीतं काढून दिली. मैत्रीण हसली. म्हणाली, “अरे, हे ऐकून लोकांनी काय घेऊन घरी जायचं, ते आधी ठरव ना!”

हे ठरवायचं कोणी, यावर जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १७२८ साली रीतसर तक्रारी झाल्या होत्या. त्यांतला एक तक्रारदार होता योहान सेबास्टियन बाख.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकापर्यंत युरोपातल्या चर्चमधलं गाणं मुख्यतः लॅटिनमध्ये आणि गायकवृंदाच्या ताब्यात होतं. मार्टिन लूथरला सामान्य माणसाने स्वतःच्या भाषेत गावं असं वाटत होतं. १५२४ साली आठ गीतांची एक छोटी पुस्तिका छापली गेली. त्यातली चार गीतं लूथरची होती. कोणत्या रविवारी शुभवर्तमानातला कोणता उतारा वाचायचा, हे मात्र फार आधीपासून ठरलेलं होतं आणि लूथरच्या अनुयायांनी ते बरंचसं तसंच ठेवलं. दरवर्षी त्याच रविवारी तोच उतारा. त्यामुळे हळूहळू गीतंही त्या त्या रविवारांना चिकटली. आपल्याकडे वारकरी भजनात वाराचे अभंग ठरलेले असतात, तसंच काहीसं.

बाख १७२३ साली लाइपझिगला कॅन्टर झाला. म्हणजे सेंट थॉमसच्या शाळेत शिकवायचं आणि शहरातल्या मुख्य चर्चचं संगीत सांभाळायचं. पुढच्या वर्षी त्याने एक अफाट काम अंगावर घेतलं. जवळजवळ दर आठवड्याला एक नवा कॅन्टाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, आणि प्रत्येकीचा पाया एक जुनं गीत. सुरुवात झाली ११ जून १७२४ या रविवारी. त्या दिवशीचा उतारा होता, आपल्या श्रीमंताचा आणि लाजराचा!

बाखने घेतलेलं गीत योहान रिस्ट या कवीचं होतं. त्याचा विषय दानधर्म नाही, दारातला भिकारीही नाही. विषय आहे अनंतकाळ, कधीच न संपणारी शिक्षा आणि तिची धास्ती. इथे मला माझी चूक कळली. या गोष्टीत एक दार आहे आणि एक आग आहे. दाराचं गीत निवडलं, तर लोक ‘आपल्या दारात कोण पडलंय’ असा विचार करत घरी जातील. आगीचं निवडलं, तर ‘माझं काय होईल’ असा. उतारा तोच. गीत निवडणारा न बोलता त्याचा अर्थ लावून मोकळा होतो.

म्हणूनच भांडण झालं. लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये गॉटलीब गाउडलिट्स नावाचे एक उपपाळक होते. दुपारच्या उपासनेत आपल्या प्रवचनाच्या आधीची आणि नंतरची गीतं आपणच निवडणार, असा त्यांचा आग्रह होता. बाखने काही काळ ते चालू दिलं, मग पुन्हा स्वतः निवडू लागला. गाउडलिट्स वरिष्ठ धर्ममंडळाकडे गेले. सप्टेंबर १७२८ मध्ये मंडळाने त्यांच्या बाजूने कौल दिला. बाखने २० सप्टेंबरला नगरपरिषदेला पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की शुभवर्तमानाला आणि त्यानुसार लावलेल्या ड्रेस्डेनच्या गीतपुस्तकाला धरून गीतं निवडणं हे पूर्वीपासून कॅन्टरचं काम आहे. आणि कोणी लांबलचक गीतं निवडली, तर उपासनेचं वेळापत्रक कोलमडेल.

ते पत्र आधी मला निव्वळ खुर्चीचं भांडण वाटलं. पण दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं आहे. आज काय सांगायचंय हे प्रवचनकाराला माहीत असतं. कीर्तनकार निरूपणाचा अभंग स्वतःच निवडतो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण कीर्तनकार बदलला म्हणून हरिपाठ बदलत नाही. ठरलेलं गीत म्हणजे आधीच्या पिढ्यांनी त्या उताऱ्याचा लावलेला अर्थ. तो एका माणसाच्या मर्जीवर सोडायला बाख तयार नव्हता.

कधीकधी निवडीचा प्रश्नच येत नाही. ईस्टर खूप लवकर आला, तरच त्रैक्याच्या रविवारानंतरचा सत्ताविसावा रविवार येतो. बाखच्या लाइपझिगमधल्या २७ वर्षांत तो दोनदाच आला, १७३१ आणि १७४२ साली. त्या दिवशी मत्तयातला दहा कुमारींचा दाखला वाचतात. फिलिप निकोलाय या पाळकाने प्लेगच्या साथीनंतर, १५९९ साली, त्याच दाखल्यावरचं एक गीत छापलं होतं. २५ नोव्हेंबर १७३१ साठी बाखने तेच घेतलं, आणि तो कॅन्टाटा आज जगभर गायला जातो. अशा ठिकाणी माझी शीटही पास झाली असती.

बाकी रविवारांसाठी मी ती बदलली. आता ती शब्द जुळवत नाही. एका रकान्यात मैत्रिणीच्या चर्चमध्ये त्या उताऱ्याला आधी काय गायलं गेलं ते दिसतं. दुसऱ्यात पाळकसाहेब प्रवचनाचा विषय एका ओळीत लिहितात. तिसरा रकाना रिकामा असतो. तो शनिवारी संध्याकाळी मैत्रीण भरते, बहुतेक वेळा पाळकसाहेबांशी फोनवर थोडा वाद घालून.