थाळनेरचे फारुकी

मंडळी, तुर्कांचे साम्राज्य म्हटले की शाळेतल्या मुलांना इस्तंबूल आठवते. १४५३ साली तुर्कांनी ते शहर घेतले. पुढे त्या गादीखाली तुर्क, अरब, ग्रीक, आर्मेनी अशी नाना वंशांची माणसे नांदली आणि १९२२ साली ती सल्तनत बुडाली. एवढे गुरुजी शिकवतात, मुले पाठही करतात. पण अशाच तऱ्हेचे एक लहानसे राज्य आपल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी थाळनेरला उभे राहिले होते, हे किती मुलांना ठाऊक असते? ते १३८२ पासून १६०१ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे टिकले. कसे टिकले आणि का बुडाले, तेवढेच आज पाहू.

त्या वेळी दिल्लीला तुर्क वंशाचे तुघलक राज्य करीत होते. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला. शिकारीत भुकेलेल्या बादशहाला या मलिकाने खाऊ घातले आणि त्याचे हे बक्षीस, अशी कथा सांगतात. दिल्लीची पकड ढिली होताच १३८२ साली मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. त्याचे घराणे आपले मूळ अरबस्तानातल्या खलिफा उमर फारुकपर्यंत नेऊन भिडवी, म्हणून ते फारुकी.

आता मौज पाहा. मुलूख लहान आणि शेजारी दांडगे. पश्चिमेला गुजरातचा सुलतान, उत्तरेला माळव्याचा, दक्षिणेला बहामनी. समुद्र नाही, बंदर नाही. मग बळ कशाचे? एक तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीचे आणि दुसरे त्या खोऱ्यातून गुजरातेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेचे. त्यात भर सोयरिकीची. मलिक राजाने माळव्याच्या दिलावरखान घोरीशी नाते जोडले. पुढच्या राजांनी कधी गुजरातला खंडणी दिली, कधी ती थकवली. वारा पाहून सूप धरावे, तशी ही राजनीती.

मलिक राजा १३९९ साली वारला. थाळनेर धाकट्या मुलाच्या वाट्याला गेले आणि थोरला नासिरखान दुसरीकडे पाय रोवू लागला. त्याने आसा अहिराकडून अशीरगड कपटाने घेतला. बायकामुले पाठवतो असे सांगून मेण्यांतून हत्यारबंद शिपाई आत घातले, असे सांगतात. तापीकाठी त्याने बुऱ्हाणपूर वसवले आणि खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या साधूचे नाव त्या शहराला दिले. १४१७ साली थाळनेरही भावाकडून हिसकावून घेतले. पण सोयरीक जशी तारते तशी मारतेही. नासिरखानाची मुलगी बहामनी घराण्यात दिली होती. सवतीपायी तिने बापाकडे गाऱ्हाणे नेले, बाप वऱ्हाडावर चालून गेला, त्याचा मोड झाला आणि १४३७ साली तो वारला.

या राज्यात माणसे तरी किती तऱ्हेची होती! डोंगरात भिल्ल, नदीकाठी कोळी आणि अहिर, फौजेत हबशी, गादीवर अरबी कुळ सांगणारे राजे. त्याची साक्ष बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आजही आहे. राजा अलीखानाने बांधवलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख आहे. त्यात तिथीनक्षत्रासह काळ दिला आहे आणि फारुकी घराण्याची वंशावळ सांगितली आहे. तो काळ म्हणजे सन १५९०. प्रजेला समजेल अशा रीतीने आपले नाव सांगावे, ही बुद्धी राज्यकर्त्याला होती.

मग बुडाले कशाने? पहिले कारण घरातले. भाऊबंदांनी गादीसाठी भांडू नये म्हणून राजपुत्रांना अशीरगडावर कोंडून ठेवीत, असे त्या काळच्या वृत्तांतात आहे. इस्तंबूलच्या सुलतानांपुढेही हाच पेच होता. १५९५ साली तिसऱ्या महंमदाने गादीवर येताच आपले एकोणीस भाऊ मारवले. पुढे तिथेही राजपुत्रांना मारण्याऐवजी महालात कोंडून ठेवू लागले. कोंडलेल्या मुलाला कारभार कोण शिकवणार? गडाचा दरवाजा उघडून त्याला एकदम गादीवर बसवले की, गाडीला कधी न जुंपलेल्या गोऱ्ह्याच्या मानेवर एकाएकी जू ठेवावे, तसे होते.

दुसरे कारण बाहेरचे. अकबराने माळवा घेतला आणि १५७३ पर्यंत गुजरातही घेतला. ज्यांच्यात तोल सांभाळून फारुकी जगले, ते शेजारीच नाहीसे झाले. राजा अलीखान शहाणा. त्याने मोगलांचे वर्चस्व मानले आणि १५९७ साली त्यांच्याच बाजूने लढताना गोदावरीकाठी पडला. त्याचा मुलगा बहादूरखान मात्र अशीरगडाच्या भरवशावर अडून बसला. तेव्हा १६०० साली अकबर स्वतः बुऱ्हाणपुरास आला. गडावर धान्य होते, तोफा होत्या, पण आत माणसांची दाटी झाली आणि रोगराई पसरली. बहादूरखान खाली उतरला तो कैद झाला, आणि जानेवारी १६०१ मध्ये गडही पडला. बादशहाने राजपुत्र दानियालच्या नावावरून मुलखाला दानदेश म्हणायचे ठरवले. लोकांनी मात्र खानदेशच म्हटले.

गुरुजी, थाळनेरला फारुकी राजांच्या कबरी आजही उभ्या आहेत. त्यांतली अष्टकोनी कबर आणि तिच्यावरचे कोरीव काम मुलांना जरूर दाखवा. किल्ल्याचा बराच भाग ढासळला आहे. उरले आहे ते सांभाळणे आपल्या हाती आहे. तिथला दगड कुणी घराच्या पायाला नेऊ लागला तर त्याला हात जोडून सांगा, "दादा, राहू दे. तो आपल्या तालुक्याचा कागद आहे."