औंधचे स्वराज्य आणि गावाची तिजोरी

सातारा-सांगली आणि आसपासच्या मुलखात विखुरलेल्या सत्तरएक गावांचे औंध हे छोटे संस्थान. त्याचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस आपले अधिकार रयतेला देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये स्वराज्याची घटना अमलात आली. तिला महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी तिच्यासाठी खटपट केली. इतर संस्थानांत प्रजापरिषदा विधिमंडळाला जबाबदार सरकार मागत असताना औंधने रचना तळापासून बांधली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती आणि या समित्यांतून संस्थानचे विधिमंडळ. गावच्या कारभारासोबत महसुलाचा मोठा हिस्साही गावाकडे आला. या घटनेचे खरे मोल या तरतुदीत आहे. मत आपले, पण विहीर खणायची परवानगी आणि पैसा दुसऱ्याचा, अशा स्थितीत मतदार रयतच राहतो.

हे राजाने दिलेले दान होते, मग त्याला लोकशाही कसे म्हणायचे, असा आक्षेप येतो. पण हक्क कसा मिळाला यापेक्षा तो परत घेता येतो का, हे महत्त्वाचे. पंचायत आणि तिचा पैसा कायद्याने बांधलेला असेल, तर दात्याची मर्जी फिरली तरी लोकांकडे आधार उरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गुणगानावर कठोर टीका केली. संकुचितपणा आणि जातीयता जिथे मुरलेली, तिथे सत्ता दिली की ती गावातल्या जबरदस्तांच्याच हाती जाणार. अप्रत्यक्ष निवडणुकीत हा धोका वरपर्यंत चढतो, हे मान्य करायलाच हवे. मात्र त्यावरचा उपाय गावाची सत्ता काढून घेणे हा नसून तिच्यात वंचितांची जागा पक्की करणे हा आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना पंचायतींत राखीव जागा देऊन तेच केले.

१९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तो प्रयोग संपला. ७३ व्या दुरुस्तीने निवडणुका आणि आरक्षण बंधनकारक केले. पण गावाला किती अधिकार आणि किती पैसा द्यायचा, हे मुख्यतः राज्यांच्या विधिमंडळांवर सोडले. औंधने जे आधी दिले, ते आपण अजून पूर्ण दिलेले नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला गावाच्या तिजोरीचा हिशेब विचारणे, हे म्हणूनच मतदाराचे पहिले काम आहे.