‘ध’चा ‘मा’ आणि पीकेएक्झेक

३० ऑगस्ट १७७३. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं ही आख्यायिका. पण गारदी चाकरीतलेच होते, हे खरं. नारायणरावांना कुणकुण लागली होती, हरिपंत फडक्यांना बंदोबस्त सांगितलाही होता. तो वेळेत झाला नाही.

लिनक्समधला ‘पीकेएक्झेक’ कोणीही चालवला तरी धन्याच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालतो. दुरुस्तीआधी त्याला शब्दांची रिकामी यादी दिली, की तो शेजारची मेमरी वाचायचा आणि तिथलं खरं मानायचा. झालाच की ‘ध’चा ‘मा’! चूक २००९ची. २०१३ साली एकाने हा विचित्रपणा लिहूनही ठेवला होता, बरं का. क्वालिसच्या संशोधकांनी घातक रूप जाहीर केलं २५ जानेवारी २०२२ला. दुरुस्ती बसेपर्यंत तात्पुरता उपाय एका ओळीचा: त्या प्रोग्रामवरचा ‘एसयूआयडी’ शिक्का काढून घ्या. गारद्याच्या हातची तलवारच काढली म्हणा ना.